सरकारच्या वतीने फुलं वाहणारा माणूस

चक्रधर हे त्याचं खरं नाव नव्हे, मी ठेवलेलं. सचिवालयाच्या कुंपणाला पाठ लावून त्याचा पत्र्याचा गाळा होता आणि त्या गाळ्यात तो मोठ्या माणसांच्या मढ्यांसाठी पुष्पचक्रं बांधायचा. गिऱ्हाईक नसलं की दारात उभा राहायचा. पोट पुढे, मिशी ओल्या बोटांनी वळवलेली, दोन्ही दंडांत एकेक रिकामं तारेचं कडं अडकवलेलं. असलं ध्यान रोज समोर दिसल्यावर दुसरं कुठलं नाव सुचणार?

त्यानेही मला नाव ठेवलं होतं. घोषणाबाई. गाळ्यासमोरच्या पदपथावर आम्ही धरणं धरून बसायचो. कधी पाण्यासाठी, कधी घरांसाठी, कधी कोठडीत मेलेल्या कुणाच्या तरी भावासाठी. पदपथ तोच, सतरंजी तीच, मागण्या तेवढ्या बदलायच्या. सकाळी गाळ्याची फळी उघडताना तो विचारायचा, ‘‘काय घोषणाबाई, आज कोण मुर्दाबाद?’’ मी म्हणायची, ‘‘ज्याला तुम्ही उद्या चक्र वाहणार तो.’’ त्यावर तो खूश होऊन हसायचा, कारण त्याच्या दृष्टीने ते धंद्याचंच बोलणं होतं.

माणसावर लिहायला बसलं की आधी त्याला धुऊनपुसून कपाटात मांडायचा, अशी एक खोड लिहिणाऱ्यांना असते. मला ती नाही. चक्रधर चालू माणूस होता. कालची शेवंती आतल्या बाजूला दडवून आजची वर लावायचा. कुठल्याही सरकारची टिंगल केली की त्याला राग यायचा, मग ते सरकार परवाच आलेलं का असेना. ‘‘आपण सरकारी माणूस,’’ म्हणायचा. सरकारी कसला, सरकारच्या वळचणीला बसलेला. त्याच्या वडिलांनी कधीकाळी राजशिष्टाचार शाखेतल्या एका साहेबाला फुलं पुरवली आणि साहेबाने कुंपणालगतची जागा दिली. अट एवढीच, शाखा सांगेल तेव्हा चक्रं हजर पाहिजेत. ही शाखा म्हणजे मोठ्या लोकांनी कुणाच्या आधी खुर्चीत बसायचं आणि कुणाच्या मागे उभं राहून शोक करायचा, ते ठरवणारं खातं. त्या शाखेची मर्जी असेल तोवर गाळा. मर्जी गेली की गाळा गेला, दाद मागायला जागा नाही.

मंडईमागच्या दोन खोल्या, त्याचे दुखरे गुडघे, बायकोच्या डोळ्यांचं औषध, सगळं त्या पत्र्याखालून निघायचं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, आतल्या बाजूला पाटावर बसून देठांना तार लावायच्या. मुलगी लांब दिलेली. दुसरं काही येत नव्हतं दोघांना, आणि साठी उलटलेल्या जोडप्याला भर बाजारात फुलांची टोपली मांडायला जागा कोण देतो? तिथे तर वीतभर जागेसाठी डोकी फुटतात.

त्याच्या कामाची एक रीत होती आणि पुढचं सगळं त्या रीतीपायी घडलं. चक्र काही चुटकीसरशी होत नाही. तारेच्या कड्यावर पेंढा गुंडाळायचा, सुतळीने आवळायचा, वर हिरवा पाला टोचायचा, मग एकेक फूल. शेवटी आडवी रेशमी फीत, तिच्यावर सोनेरी अक्षरांत ज्याच्या वतीने चक्र वाहायचं त्याचं पद. अर्धा दिवस मोडतो. आणि शाखेचा फोन यायचा तो अंत्ययात्रा दारातून निघायच्या बेताला असताना, कारण आपल्याला दुःख झालंय की नाही हे ठरवायला साहेबलोकांना वेळ लागतो. तेव्हा चक्रधर फोनची वाट बघायचाच नाही. रेडिओवर बातमी ऐकली की कामाला लागायचा. गेलेल्याचं पद कळलं की चक्रं किती आणि कुणाकुणाची, ते त्याच्या डोक्यात आपोआप मांडलं जायचं. फिती वर्षभर रंगवून तयार, ट्रंकेत घड्या घालून. मागून फोन यायचा. हा म्हणायचा, ‘‘तयार आहे साहेब.’’ पलीकडच्या साहेबाला त्याचं कधी नवलही वाटायचं नाही.

आता दुसरी रीत ऐका. ती सरकारची. चक्र वाहायला मंत्री आला तरी तो चक्र उचलत नाही. चक्रधर उचलतो, तिरडीपुढच्या लाकडी घोडीवर टेकवतो, मंत्री दोन बोटं लावतो, कॅमेरा चमकतो, झालं दुःख. मंत्री आला नाही तर सचिव बोटं लावतो. सचिवही आला नाही, आणि बहुतेक वेळा नाहीच यायचा, तर मग हाच. त्यासाठी गाळ्यात खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे. तो चढवून, मान खाली घालून, जड पावलं टाकत हा पुढे जायचा, चक्र ठेवायचा, थोडा थांबायचा आणि उलट पावली मागे यायचा. राज्याच्या वतीने. सैन्याच्या वतीने. नगरपालिकेच्या वतीने. एकाच मयताला मी त्याला तीन खात्यांच्या वतीने दुःखी होताना पाहिलंय, आणि दर वेळी चेहरा निराळा. शाखेला हे ठाऊक होतं, सोयीचं होतं. रस्ते झाडायचं कंत्राट दिलं होतं, तसंच हेही.

निवृत्त जनरलसाहेबांना मारलं ते सकाळी, त्यांच्याच फाटकात, हातात पावाची पिशवी असताना. सैन्यातल्या अगदी वरच्या खुर्चीवरून उतरलेला माणूस. उतरल्यावर बागेत गुलाब लावत गप्प बसला असता तर आज जिवंत असता. पण वर्षभर हा म्हातारा जिथे जाईल तिथे एकच सांगत होता, की जवानांसाठी घेतलेली चिलखती जाकिटं गोळी अडवत नाहीत. वाचनालयात सांगितलं, शाळेत सांगितलं, आमच्या सतरंजीवर मांडी घालून सांगितलं. एकदा एक जाकीट घेऊन आले, अस्तर उसवलं आणि आतली पट्टी भर रस्त्यात नुसत्या हातांनी वाकवून दाखवली. सत्तरी ओलांडलेले हात. मग एका सकाळी मोटारसायकलवरून दोघं आले, गोळ्या झाडल्या आणि निघून गेले. उजेडात, भर वस्तीत.

सरकार काय म्हणालं? सरकारची दातखिळी बसली. एखाद्या खेळाडूचा घोटा सुजला तरी ‘लवकर बरे व्हा’ म्हणून संदेश काढणारं हे सरकार. नटीच्या मुलाचं बारसं असो की व्यापाऱ्याच्या आईचं पंच्याहत्तरावं वर्ष, सगळीकडे आधी यांचं तोंड. त्या दिवशी दुपारी सरकारचा प्रवक्ता पत्रकारांसमोर आला आणि नव्या कारंज्याचं पाणी कोणकोणत्या रंगांत उडणार ते सांगत बसला. कुणीतरी जनरलसाहेबांचं विचारलं. त्याने पेला उचलला, सावकाश पाणी प्यायला, पेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाला, ‘पुढचा प्रश्न.’ निषेध नको, दुःख नको, निदान ‘आम्हाला कळलं’ एवढं तरी म्हणायचं. तेही नाही. सचिवालयावरचा झेंडा टोकाला फडफडत राहिला. गल्लीतलं कुत्रं मेलं तरी झाडूवाला हळहळतो, यांनी चाळीस वर्षं आपल्यासाठी गणवेशात राहिलेल्या माणसाला तेवढीही किंमत दिली नाही. कारण उघड होतं. हळहळ दाखवली की पुढचा प्रश्न येणार, कुणी मारलं? आणि त्याच्या मागून तिसरा, जाकिटं कुणी विकली? तेव्हा पहिल्यालाच तोंड शिवून टाकलं.

मी तणतणत गाळ्यापाशी आले तर चक्रधर पेंढा गुंडाळत बसलेला. आत फुलांचा ढीग. मंडईतली पांढरी शेवंती त्याने झाडून उचलली होती. वहिनींचे हात देठांच्या रसाने हिरवे झाले होते.

मी विचारलं, शाखेचा फोन आला का.

‘‘येईल की. आधी कधी येतो तो?’’

मी म्हटलं, शेठ, या वेळी येणार नाही. प्रवक्ता कारंज्यावर बोलतोय.

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच बातमी नासवली. म्हणाला, ‘‘घोषणाबाई, तुम्हाला राजकारण कळतं, मयत कळत नाही. एवढ्या पदाचा माणूस. पाच चक्रं लागतात. राज्याचं, मंत्रिमंडळाचं, संरक्षणाचं, सैन्याचं, शहराचं. हे काय कुणाच्या मनावर असतं?’’

मी आणखी दोन शब्द सुनावले. त्याने ऐकलं नाही. तीस वर्षांत एकदाही ज्याचा अंदाज चुकला नव्हता तो माणूस माझ्यासारखीचं कशाला ऐकेल? सरकार चोर असेल, आळशी असेल, उशिरा येणारं असेल, हे त्याला मान्य होतं. पण माणूस मेल्यावर सरकारला वाईट वाटतं, ही त्याची श्रद्धा होती. त्याच्या पोटाची तीच तर पायाभरणी.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी. फोन नाही. त्याने दोनदा शाखेला लावला, कुणी उचलला नाही. त्याचा अर्थ त्याने असा काढला की सगळे गडबडीत असतील. चक्रं टेम्पोत चढवली, कोट चढवला आणि गेला.

मी तिथे होतेच. जनरलसाहेबांचं घर साधं, दोन मजली, पुढे थोडी बाग. फाटकापाशी वाळू टाकून डाग झाकलेला. निवृत्त सैनिक आले होते, कोपरांवर विरलेले कोट घालून. काठ्या टेकत रांगेत उभे. शेजारी होते, वाचनालयवाले होते, आम्ही होतो. सरकारी माणूस औषधालाही नाही. बँड नाही, सलामी नाही. साध्या वेशातले दोन पोलीस समोरच्या रस्त्यावर उभे राहून कोण कोण आलंय त्याचे फोटो काढत होते, एवढाच काय तो शासकीय इतमाम.

आणि त्या शांततेत चक्रधर आत शिरला. मान खाली, जड पावलं. एक चक्र ठेवलं. मागे आला, दुसरं. तिसरं. सोनेरी अक्षरं उन्हात चमकायला लागली तशी लोकांत कुजबुज सुरू झाली. म्हातारे सैनिक ताठ झाले. एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं, म्हणाला, आले बाबा, उशिरा का होईना आले. मला ओरडावंसं वाटलं की अरे हा फुलवाला आहे. नाही ओरडले. त्या म्हाताऱ्याच्या तोंडावरचं समाधान काढून घ्यायची माझी छाती झाली नाही.

पाचवं चक्र ठेवून तो वळला तर समोर बाईसाहेब, जनरलसाहेबांची बायको. बारीक अंगाच्या, चष्मा, पांढरे केस घट्ट बांधलेले. त्यांनी विचारलं, ‘‘सरकारकडून आलात?’’

‘‘हो,’’ चक्रधर म्हणाला. यात त्याला खोटं काहीच वाटलं नाही. तीस वर्षं तो सरकारकडूनच येत होता.

त्यांनी त्याचा हात धरला. ‘‘कुणी मारलं, काही कळलं का?’’

मयताच्या अंगणात त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याची मयतं म्हातारपणाची, हृदयविकाराची, फार तर अपघाताची. तो गडबडला. सरकारी माणसं अशा वेळी काय म्हणतात ते त्याने हजारदा ऐकलं होतं, तेच तोंडातून निघून गेलं. ‘‘चौकशी चालू आहे बाईसाहेब.’’

मागे पत्रकार उभे होते.

सकाळी शहरभर छापून आलं. ‘अखेर शासनाकडून श्रद्धांजली. प्रतिनिधीकडून चौकशीची ग्वाही.’ खाली फोटो, काळ्या कोटातला चक्रधर आणि त्याच्या हातावर बाईसाहेबांचा हात. आणि बघा गंमत, दोन दिवस ज्यांची दातखिळी बसली होती त्यांना चहा गार व्हायच्या आत कंठ फुटला. सचिवालयातून निवेदन निघालं. सदर पुष्पचक्रे शासनाने पाठवलेली नाहीत. शासनाचा कोणताही प्रतिनिधी उपस्थित नव्हता. चौकशीबाबत शासनाने कोणतेही विधान केलेले नाही.

माणूस मारला गेला त्यावर चकार शब्द नाही. फुलांवर तीन वाक्यं.

तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून एक फौजदार आणि दोन शिपाई जनरलसाहेबांच्या घरी धाडले. गोळीबाराच्या दिवशी पंचनामा उरकून पोलीस जे गेले होते ते आत्ता परत आले. कशाला, तर चक्रांवरच्या फिती काढून न्यायला. चक्रधरची गाठ, ती हाताने सुटेना. शेवटी फौजदाराने बाईसाहेबांकडे कात्री मागितली. नवरा मारला गेल्यावर सरकारने त्या बाईशी पहिल्यांदा तोंड उघडलं ते ‘कात्री आहे का घरात’ असं. त्यांनी दिली. फिती कापून, गुंडाळून, पिशवीत घालून ती मंडळी गेली आणि कात्री बागेच्या कठड्यावर तशीच उघडी टाकून गेली.

दुपारी चक्रधरला शाखेत बोलावणं आलं. तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं, तुकड्या-तुकड्याने. उपसचिवांची खोली गार, टेबलावर काच, काचेखाली कुठल्याशा डोंगराचं चित्र. आजवर याला त्या खोलीत कधी बसायला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी खुर्ची दिली, तेव्हाच म्हणे तो काय ते समजला. उपसचिव रागावले नाहीत. गोड बोलले. तुम्ही आमचे जुने माणूस, चूक कुणाची होत नाही? फक्त उद्या सचिवालयाच्या पायऱ्यांवर पत्रकारांसमोर सांगायचं, की दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून मी शासनाचं नाव वापरलं, शासनाचा काही संबंध नाही, माफ करा. मग गाळ्याला कुणी हात लावणार नाही.

तो म्हणाला, साहेब, जाहिरात नव्हती, मला वाटलं फोन येईल.

उपसचिव म्हणाले, तुम्हाला काय वाटलं ते नको, काय बोलायचं ते सांगतोय.

संध्याकाळी मी त्यांच्या खोल्यांवर गेले. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांचं ठरलेलं होतं. ‘‘बोलून टाका. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं म्हणतील, म्हणू देत. गाळा राहिला तर आपण राहू.’’ त्यांना मी काय शहाणपण शिकवणार? पोट त्यांचं होतं. मी पोटावर पाय द्यायला सांगणाऱ्या पुढाऱ्यांपैकी नाही. तसले पुढारी मी पायरीवरून ढकलून दिलेत.

चक्रधर मात्र एकच धरून बसला होता. टीव्हीवर बघण्याआधी बाईसाहेबांना आपण सांगितलं पाहिजे. एकट्याने जायची त्याची छाती नव्हती, म्हणून मला म्हणाला, चला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला कुठे चला म्हटलं.

बाईसाहेबांनी आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. चक्रधर उभाच राहिला. म्हणाला, मी सरकारकडून नव्हतो आलो, मी फुलवाला आहे, फिती माझ्याच होत्या, चुकलं. त्याला वाटलं असावं की त्या म्हणतील, जाऊ द्या, तुम्ही तरी आलात. मलाही तसंच वाटलं होतं. अशा प्रसंगी विधवा माफ करतात, असं आपल्याला लिहिणाऱ्यांनी शिकवून ठेवलंय.

त्या म्हणाल्या, ‘‘फुलांचं काही नाही. पण चौकशी चालू आहे म्हणालात. तुमच्यामुळे एक दिवसभर मला वाटलं की कुणीतरी शोधतंय.’’

त्या चिडलेल्या होत्या, आवाज न चढवता. म्हणाल्या, मी लेकाला कळवलं, नणंदेला कळवलं, चौकशी चालू आहे म्हणून. शेजारी विचारायला आले, त्यांनाही तेच सांगितलं. आज त्या सगळ्यांना पुन्हा सांगत बसायचं, की नाही हो, तो फुलवाला होता.

मग चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘जे चारचौघांत बोललात ते चारचौघांतच परत घ्या. कुणी शोधत नाहीये, असं सांगा. जाहिरातबिहिरात काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.’’

चहासुद्धा दिला नाही. का द्यावा?

परतताना मला राहवेना. त्याच्यासाठी एक भाषण मनात जुळवून मी त्याला म्हणून दाखवलं, चांगलं झणझणीत, सरकारची सालटी काढणारं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘घोषणाबाई, हे तुमच्या तोंडात शोभतं. मी असं बोललो तर लोकांना वाटेल मी भाड्याने आणलेला आहे.’’ मला राग आला. पण म्हणणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सचिवालयाच्या पायऱ्यांवर ही गर्दी. जनरलसाहेबांच्या घरी न फिरकलेले कॅमेरे सगळे इथे. मधल्या पायरीवर चक्रधर, आज कोट नाही, साधा सदरा. शेजारी उपसचिव, चेहऱ्यावर दुकानदार माल तोलताना ठेवतो तसं हसू. वहिनी खाली माझ्या बाजूला उभ्या. माझं मनगट धरलं होतं त्यांनी, ते माझ्यासाठी नव्हे, धरायला काहीतरी हवं म्हणून.

चक्रधरने घसा साफ केला. म्हणाला, ‘‘मी फुलवाला. चक्रं मी नेली. मला कुणी सांगितलं नव्हतं. चूक माझी.’’

उपसचिवांनी मान डोलावली.

‘‘आजवर कुणी मोठा माणूस गेला की सरकारला वाईट वाटायचं आणि फोन यायचा. याही वेळी वाटेल असं मी धरून चाललो. तसं झालं नाही. फोन आला नाही, अजून आलेला नाही. सरकारला वाईट वाटलेलं नाही. मी उगाच वाटलंय असं दाखवलं, त्याची माफी मागतो.’’

उपसचिवांची मान डोलता डोलता अर्ध्यात थांबली. चक्रधर थांबला नाही.

‘‘आणि बाईसाहेबांना मी म्हणालो चौकशी चालू आहे. ते खोटं होतं. कुणी शोधत नाहीये. सरकारनेच छापून सांगितलंय की ते तसं बोललेले नाहीत. तेव्हा ते मी परत घेतो. जाहिरात म्हणायला सांगितलं होतं, पण जाहिरात नव्हती, ते नाही म्हणवत.’’

एवढंच. खाली उतरायला लागला. मग एका पत्रकाराने उपसचिवांना विचारलं, साहेब, हे म्हणतात ते बरोबर आहे का? सरकारला वाईट वाटलेलं नाही?

आता तोंड बघायचं होतं त्या माणसाचं. नाही म्हणावं तर सरकारला वाईट वाटलं असं होतं, मग इतके दिवस गिळलेले मूग बाहेर काढावे लागतात. हो म्हणावं तर झालंच. चौकशी चालू आहे म्हणावं तर कालचं निवेदन खोटं. नाही म्हणावं तर खुनी मोकळे सोडल्याची कबुली. एवढ्या मोठ्या इमारतीत इतके पगारदार लेखणीबहाद्दर, पण या एका प्रश्नाचं उत्तर कुणी त्याला लिहून दिलं नव्हतं. तो उघडं तोंड घेऊन उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘‘आजचा विषय फुलांपुरता मर्यादित आहे.’’ कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. उपसचिव वळून आत गेले आणि जाताना एक पायरी चुकले.

लोकांनी चक्रधरला खांद्यावर घ्यायचा बेत केला. त्याने हात झटकले. आमच्या सभेत दोन शब्द बोला म्हणून मी स्वतः विचारलं तर म्हणाला, मी काय तुमच्यातला आहे का? वहिनी आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. तारा लावत बसायच्या, पण तोंड भिंतीकडे. कुणाला तो शूर वाटला, कुणाला महामूर्ख. बाईसाहेबांकडून काही निरोप आला नाही, येणारही नव्हता. त्यांना हवं होतं ते चारचौघांत बोलून झालं होतं, आणि त्याने खुनी सापडणार नव्हते.

गाळ्याची नोटीस आली. पदपथ रुंदीकरण, रहदारीस अडथळा, अनधिकृत पत्रा, कलमं, पोटकलमं, सार्वजनिक हित, नागरिकांची गैरसोय. मी वाचून दाखवली त्याला, तीन पानं भरली होती. जनरलसाहेबांच्या वाट्याला या सरकारकडून एक ओळ आली नाही. फुलवाल्याच्या पत्र्यासाठी यांची भाषा कशी धो धो वाहिली.

पत्रा काढायला माणसं आली त्या सकाळी आम्ही सगळे जमलो. सतरंजी उचलून गाळ्याच्या दारात आणली. पोलीस होते. म्हातारे सैनिकही तिघं-चौघं आले होते, विरलेल्या कोटांत. मी घोषणा सुरू केल्या, गळ्याच्या शिरा ताणून, आणि मागून सगळे. चक्रधरने कुलूप फोडू दिलं नाही, स्वतःच्या किल्लीने उघडलं. वहिनींनी ट्रंक, कात्र्या, सुतळीचे गुंडे बाहेर काढले. बादल्यांतली फुलं पदपथावर मांडली. पाना घेऊन एक जण वर चढला आणि पत्रा एका कोपऱ्यातून उचकटला गेला.

तेवढ्यात पोलिसांच्या मधून वाट काढत एक मुलगी आली, कुठल्याशा कचेरीतली असावी. तिला तेवढ्या फुलांच्या बादल्या दिसल्या, बाकी काही दिसलं नाही. मैत्रिणीचा वाढदिवस आहे, लहानसा गुच्छ मिळेल का, विचारलं. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. आणि दोरा पुढे केला.

चक्रधर उलट्या बादलीवर बसला. ताजी शेवंती निवडली, सगळी ताजी, आत काही दडवलं नाही. मुलीला विचारलं, मैत्रिणीला रंग कोणता आवडतो. ती काहीतरी म्हणाली, ते त्याला ऐकू आलं नाही, कारण मी ओरडत होते आणि वरून पत्रा खडखडत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, जुन्याच तुसड्या नजरेने.

‘‘घोषणाबाई, जरा हळू. गिऱ्हाईक आहे.’’